काकूंच्या क्रमांकावर आधीच मत पडलं होतं: इंदूरमधलं एक प्रकरण

17 नोव्हेंबर 2023 ला मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान होतं. इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका वसाहतीत राहणाऱ्या एक मराठी काकू दुपारी तीनच्या सुमारास मतदान केंद्रावर गेल्या, तेव्हा यादीत त्यांच्या नावावर लाल रेघ ओढलेली होती. म्हणजे त्यांच्या नावाने सकाळीच कुणीतरी मतदान करून गेलं होतं. त्यानंतरच्या तासाभरात केंद्रावर जे घडलं आणि जे जे निर्णय घेतले गेले, त्याची ही नोंद. ओळख पटू नये म्हणून वय, अनुक्रमांक आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

काकूंचं वय 68. रामबाग-नारायणबाग भागातलं जुनं घर सोडून हे कुटुंब बऱ्याच वर्षांपूर्वी पश्चिमेकडे राहायला आलं. अशी अनेक मराठी घरं या वसाहतीत आहेत. साहजिकच एकाच मतदान केंद्राच्या यादीत जोशी, कुलकर्णी, काळे, शिंदे पुन्हा पुन्हा येतात. साठी ओलांडलेल्या बायकांची नावंही ठरावीक: आशा, सुमन, शैला, कुसुम. नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असलेल्या दोन बायका एकाच यादीत असणं इथे नवलाचं नाही.

इंदूरची मतदार यादी हिंदीत असते. प्रत्येक नोंदीच्या चौकटीत मतदाराचं नाव, खाली वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, वोटर कार्डाचा क्रमांक आणि एक छोटा फोटो असतो. ‘काळे’ तिथे ‘काले’ होतात, ‘जयश्री’ कधी ‘जैश्री’ होते. आपण मराठी माणसं नवऱ्याचं नाव मधोमध लिहितो. यादीत ते नावाच्या ओळीत नसतं, खालच्या ओळीत असतं. म्हणून नावाची ओळच वाचली तर आपल्याकडच्या दोन बायका एकसारख्या दिसतात. फरक असतो तो खालच्या ओळीत.

या केंद्राच्या यादीत काकूंचा अनुक्रमांक 312 होता. त्यांच्याच नावा-आडनावाची दुसरी बाई, वय 61, अनुक्रमांक 687 वर होती. यादी अकारविल्हे नसते, घरांच्या क्रमाने असते; त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या या बाईंचं नाव पार शेवटच्या पानांवर गेलं होतं.

काकूंकडे वोटर कार्ड होतं. घरी आलेल्या पर्चीवर त्यांचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक छापलेला होता. यादीतलं नाव त्यांच्या सुनेने दहा-बारा दिवस आधी ‘वोटर हेल्पलाइन’ ॲपवर पाहून ठेवलं होतं. मतदार म्हणून करायची तयारी त्यांनी सगळी केली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. दुपारी जाण्याचं कारण साधं होतं. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, घरात पाहुणे होते आणि सकाळी रांग मोठी असते. घरातली तरुण मंडळी मात्र सकाळी लवकरच जाऊन आली होती. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत त्या दिवशी सकाळी शाई लावलेलं बोट दाखवणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट होती.

पहिल्या टेबलावर काय झालं

मतदान केंद्रात आत गेल्यावर ओळीने तीन टेबलं लागतात. पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्यासमोर यादीची ‘चिन्हांकित प्रत’ असते. तो ओळखपत्र पाहतो, नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो आणि त्या नोंदीवर लाल शाईची रेघ मारतो. मोठ्याने वाचायचं ते मागे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं आणि कुणाला शंका असेल तर तिथेच हरकत घेता यावी म्हणून. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लागते, ‘17-ए’ नावाच्या नोंदवहीत सही होते आणि एक चिठ्ठी मिळते. तिसऱ्या टेबलावर चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबलं जातं, तेव्हाच मतदान कक्षातलं यंत्र एका मतापुरतं खुलं होतं.

काकूंनी पर्ची दिली. अधिकाऱ्याने 312 काढलं आणि तो थबकला. “माताजी, आपका वोट तो डल गया है.”

काकूंनी डावा हात पुढे केला. तर्जनीवर शाईचा टिपूस नव्हता. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि सकाळी लावलेली दुपारपर्यंत साबणाने जात नाही, हे केंद्रावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे काकूंनी मत दिलेलं नाही, याबद्दल कुणाच्याच मनात शंका उरली नाही. प्रश्न वेगळाच होता: नोंदीप्रमाणे 312 चं मत यंत्रात गेलेलं होतं. एका अनुक्रमांकावर यंत्रात दुसरं मत घालता येत नाही.

पहिल्या अधिकाऱ्याने काकूंना बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि रांग पुढे सुरू ठेवली. हे त्याने बरोबर केलं. अशा वेळी टेबलाशी घोळका जमला की मागच्या माणसांच्याही नोंदी चुकायला लागतात.

समोर कोणते पर्याय होते

काकूंसोबत सून होती. मुलगा बाहेर, शंभर मीटरच्या रेषेपलीकडे मोबाइल सांभाळत उभा होता. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत पाच वेगवेगळ्या सूचना आल्या आणि त्यातल्या प्रत्येकीच्या बाजूने बोलणारं कुणीतरी होतं.

पहिली सूचना घरी जाण्याची. काकू स्वतःच सुनेला म्हणाल्या, “जाऊ दे गं, एका मताने काय होतंय.” असे बहुतेक मतदार इथूनच परत फिरतात आणि मग त्या केंद्रावर चूक झाली होती याची कागदावर कुठेच खूण राहत नाही.

दुसरी सूचना मुलाची. सून बाहेर सांगायला गेली तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप वाचून दाखवला: यादीत नाव नसेल तर ‘कलम 49-ए’ खाली आधार दाखवून ‘चॅलेंज वोट’ मागायचं, आणि केंद्रावर 14 टक्क्यांहून जास्त ‘टेंडर वोट’ झाली तर फेरमतदान होतं. हा निरोप प्रत्येक निवडणुकीत फिरतो आणि दर वेळी माणसं त्यापायी केंद्रावर वाद घालतात. निवडणूक संचालन नियम 1961 मधला 49-ए हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. ‘चॅलेंज’ हा मतदाराचा हक्कच नाही. उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून समोरच्या माणसाच्या ओळखीवर हरकत घेतो, त्याला ते नाव आहे. यादीत नाव नसेल तर आधार काय, पासपोर्ट दाखवूनही मत देता येत नाही. आणि 14 टक्क्यांचा असा कुठलाही नियम नाही. निरोपात खरा शब्द एकच होता, ‘टेंडर वोट’, म्हणजे आपल्या नावाने आधीच कुणी मत दिलं असेल तर कागदी मतपत्रिकेवर द्यायचं मत. तोही चुकीच्या जागी.

तिसरी सूचना सर्वांत मोहात पाडणारी होती. यादी चाळताना पहिल्या अधिकाऱ्याला 687 वर तेच नाव सापडलं आणि त्यावर रेघ नव्हती. मागे बसलेल्यांपैकी एक प्रतिनिधी लगेच म्हणाला, सकाळी त्या बाई येऊन 312 वर मत देऊन गेल्या असणार, तर आता यांचं मत 687 वर घ्या, हिशेब जुळला. ऐकायला अगदी सरळ. यंत्रातली बेरीज बरोबर येते, काकूंचं मत मोजलं जातं, कुणाचं नुकसान नाही.

पण त्या क्षणी कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं की सकाळी आलेली बाई ही 687 वालीच होती. ती तिसरीच कुणी असती, तर 687 वाल्या बाई पाच वाजता आल्यावर त्यांच्याही नावावर रेघ सापडली असती. आणि अंदाज खरा असला, तरी 687 वर सही करणं म्हणजे दुसऱ्या मतदाराच्या नावाने मत देणं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 171-डी प्रमाणे तो तोतयेगिरीचा गुन्हा होता आणि 171-एफ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत होती. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 172 आणि 174 या कलमांत आहे. सूचना देणारा प्रतिनिधी उठून घरी गेला असता, सही मात्र काकूंची राहिली असती. सुनेने इथे ठाम नकार दिला: “आईंची सही आईंच्याच नावापुढे होईल.” या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो कायदा पाठ असल्यामुळे घेतला गेला नव्हता.

चौथी सूचना तक्रारीची: 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन करा, आसपासच्या केंद्रांवर देखरेख करणाऱ्या सेक्टर अधिकाऱ्याला बोलवा. पाचवा पर्याय नियमातला, निविदत्त मत. महाराष्ट्रात त्याला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. इंदूरला मागायचं असेल तर ‘निविदत्त मत’ किंवा सरळ ‘टेंडर वोट’ म्हणावं, कारण केंद्रावरच्या लिफाफ्यांवर हिंदीत तेच छापलेलं असतं. हे दोन पर्याय एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही करता येतात, फक्त निविदत्त मत आधी.

काय केलं गेलं

नियम 49-पी असा आहे: एखाद्या मतदाराच्या नावाने आधीच कुणी मत दिलेलं असेल आणि नंतर आलेल्या व्यक्तीने पीठासीन अधिकाऱ्याच्या, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या, प्रश्नांना समाधानकारक उत्तरं दिली, तर तिला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका द्यायची. ‘द्यायची’ असं आहे, ‘देता येईल’ असं नाही.

पीठासीन अधिकारी सुरुवातीला घुटमळले. नकार त्यांनी दिला नाही, पण “देखते हैं” म्हणून ते दुसऱ्या कामाला लागले. याचं कारण समजण्यासारखं आहे. निविदत्त मतपत्रिका वर्षानुवर्षं लागत नाही. साधारण 20 मतपत्रिकांचं ते पाकीट सामानाच्या पिशवीत सर्वांत खाली असतं, त्याबरोबर अशा मतदाराची सही घेण्याचा 17-बी हा नमुना, बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का आणि वेगळा लिफाफा शोधावा लागतो. सुनेने वाद घातला नाही. “सर, 17-बी वर सही करून टेंडर वोट द्यायचं आहे,” एवढंच तिने दोनदा, शांतपणे सांगितलं. नमुन्याचा क्रमांक ऐकल्यावर काम हललं. त्यांनी सेक्टर अधिकाऱ्याला फोन केला, तिकडूनही तेच उत्तर आलं.

आधी प्रश्न झाले. नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, घरात आणखी कोण मतदार आहेत. सून उत्तर द्यायला पुढे झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी तिला थांबवलं, आणि ते योग्यच होतं. ओळख काकूंची पटवायची होती, उत्तरं त्यांनीच द्यायला हवीत. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन जाताना हे लक्षात असू द्यावं. घर क्रमांक यादीत जुना असतो, माणूस नवा सांगतो आणि उगीच संशय येतो. काकूंनी दोन्ही सांगितले.

मग 17-बी मध्ये अनुक्रमांक 312 पुढे काकूंची सही झाली, बोटाला शाई लागली आणि मतपत्रिका हातात आली. तिच्यावर नावं आणि चिन्हं यंत्रावरच्या कागदासारखीच असतात. मागच्या बाजूला निविदत्त असल्याचा शिक्का हवा. या मतपत्रिकेवर तो नव्हता. सुनेने पाठ उलटून बघायला सांगितल्यामुळे ते लक्षात आलं. शिक्का नसेल तर पीठासीन अधिकाऱ्याने ते शब्द स्वतःच्या हाताने लिहून सही करायची असते. त्यांनी तशी केली. ही ओळ राहून गेली असती तर पुढे कधी लिफाफा उघडला गेल्यावर मतपत्रिकेवरच वाद झाला असता.

कक्षात गेल्यावर बटण नाही दाबायचं, शिक्का मारायचा. काकूंना हे सोपं वाटलं. यंत्रं येण्याआधीची पंधरा-वीस वर्षं त्यांनी असंच मत दिलं होतं. बाणाच्या फुलीचा शिक्का पॅडवर हलका दाबून चिन्हावर किंवा त्याच्या शेजारी एकदाच उमटवायचा. पॅड फार ओलं असेल तर थोडं थांबायचं. घडी आधी उभी घालायची, म्हणजे शाई लागलीच तर त्याच उमेदवाराच्या ओळीत लागते. आडवी घडी आधी घातली तर ठसा दुसऱ्याच्या नावावर उमटू शकतो. घडी घातलेली मतपत्रिका पेटीत जात नाही. पीठासीन अधिकारी ती खास लिफाफ्यात ठेवतात. काकूंनी मतपत्रिका लिफाफ्यात जाईपर्यंत नजर हलवली नाही.

पाकीट शोधण्यापासून इथपर्यंत पाऊण तास गेला.

सकाळी नेमकं काय झालं असावं

निविदत्त मत दिल्यावर सुनेने एक विनंती केली: 17-ए मध्ये 312 समोर काय लिहिलं आहे ते आपण पाहावं. वही मतदाराच्या हातात देत नाहीत, देऊही नये. अधिकाऱ्यांनी स्वतः पाहिलं. ओळखपत्राच्या रकान्यात आधारचे शेवटचे चार आकडे होते. वोटर कार्ड दाखवलं असतं तर तिथे फक्त तशी खूण असती. सही मराठी वळणाची होती, नाव-आडनाव तेच, मधलं अक्षर मात्र ‘वि’. काकू मधे ‘द’ लिहितात. यादीत 687 च्या नोंदीत नवऱ्याचं नाव ‘वि’ पासून सुरू होत होतं.

संध्याकाळी त्या बाईंशी बोलणं झाल्यावर उरलेलं कळलं. त्यांची छापील पर्ची घरी सापडली नव्हती. बाहेर पक्षाच्या टेबलावर बसलेल्या मुलाने यादीत नाव शोधलं, घराच्या क्रमाने लावलेल्या यादीत पहिल्यांदा जे सापडलं ते 312, आणि त्याने कोऱ्या चिठ्ठीवर तोच आकडा लिहून दिला. त्या आत गेल्या. सकाळची गर्दी. पहिल्या अधिकाऱ्याने आकडा शोधला, आधारवरचं नाव जुळवलं, मोठ्याने वाचलं, रेघ मारली. फोटो काळपट आणि बोटाच्या नखाएवढा. नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. मागे बसलेल्या प्रतिनिधींनीही नाही. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. तरीही एका मतदाराचं मत मोजणीबाहेर गेलं.

निष्पत्ती

निविदत्त मत 3 डिसेंबरच्या मोजणीत धरलं गेलं नाही. ते धरलं जातही नाही. लिफाफा बंद राहतो, आणि निवडणूक याचिकेत न्यायालयाने आदेश दिला तरच उघडतो. काकूंना हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं; ते कळलं दोन दिवसांनी, आणि त्यांना फार वाईट वाटलं. “मग मी एवढा वेळ कशाला बसले?” हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

निविदत्त मताची संख्या 17-सी या हिशेबाच्या नमुन्यात येते. त्याची प्रत मतदान संपल्यावर प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. म्हणजे त्या केंद्रावर एका मतदाराच्या नावाने चुकीचं मत पडलं, हे सर्व पक्षांच्या हातात कागदावर गेलं. निकाल चुरशीचा लागला असता तर त्या एका आकड्याला वजन आलं असतं. 2008 मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले आणि निविदत्त मतांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घरी परतलेल्या मतदाराचं मत कुठल्याच न्यायालयाला सापडत नाही.

काकूंच्या मतदारसंघात अंतर मोठं होतं. निवडणूक याचिका निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात करायची असते, मतदारही ती करू शकतो. इथे त्याचा विचार करण्याचं कारणच नव्हतं. मतदारसंघाची निवडणूक चालवणाऱ्या रिटर्निंग अधिकाऱ्याकडे मात्र लेखी तक्रार दिली गेली, केंद्र क्रमांक, वेळ, दोन्ही अनुक्रमांक आणि 17-बी वर सही केल्याचा उल्लेख करून. पोच मिळाली. पुढे काही कळलं नाही.

एक गोष्ट वेळेवर झाली म्हणून साधली. 17-ए वही आणि चिन्हांकित यादी मतदानानंतर सीलबंद होते आणि नियम 93 प्रमाणे न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही दाखवली जात नाही. संध्याकाळी सहानंतर सुनेने तीच विनंती केली असती तर उत्तर मिळालं नसतं. केंद्रावर असतानाच पीठासीन अधिकाऱ्यांना वही पाहायला सांगितलं, म्हणून तोतया आला होता की चूक झाली होती, हे कळलं. नाही तर वसाहतीत महिनाभर बोगस मतदानाच्या गप्पा झाल्या असत्या आणि त्यात 687 वाल्या बाईंचं नाव विनाकारण बदनाम झालं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

लोकांचं सगळं लक्ष यंत्रावर असतं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती डोळ्यांत तेल घालून पाहतात, आणि पाहावीच. पण या केंद्रावर मत हरवलं ते पहिल्या टेबलावर, यंत्रापर्यंत पोचण्याआधी.

सर्वांत आधी 687 वाल्या बाई. छापील पर्ची हरवली असेल तर पक्षाच्या टेबलावरून हाताने लिहिलेला आकडा घेण्यापेक्षा केंद्राच्या आवारात बीएलओचं (त्या भागाच्या मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचं) मतदार सहायता टेबल असतं, तिथे जावं. त्यांच्याकडे अकारविल्हे सूची असते, त्यात एकसारखी नावं एकाखाली एक दिसतात आणि फरक लगेच कळतो. ॲपवर वोटर कार्डाचा क्रमांक घालून शोधलं तरी चालतं. नावाने शोधू नये. मोबाइल केंद्रात नेता येत नव्हता, म्हणून आकडा घरूनच कागदावर लिहून न्यावा, सोबत भाग क्रमांकही. बाईंनी आधारऐवजी वोटर कार्ड नेलं असतं तर त्यावरचा क्रमांक आणि 312 च्या चौकटीतला क्रमांक जुळला नसता आणि चूक तिथेच पकडली गेली असती. वोटर कार्ड सक्तीचं नाही; आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशी बारा कागदपत्रं चालतात. नुसती पर्ची ओळखपत्र म्हणून 2019 पासून चालत नाही. पण आपल्या नावा-आडनावाची दुसरी व्यक्ती त्याच वसाहतीत असेल तर वोटर कार्डच न्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिल्या अधिकाऱ्याने नावाखालची ओळ वाचायला हवी होती. “पति का नाम?” एवढा एक प्रश्न, तीन सेकंदांचा. गर्दीचं कारण पुढे केलं जातं, पण एक चुकीची रेघ दुपारी पाऊण तास खाते, हे या केंद्राने पाहिलं. प्रतिनिधींच्या हातातही यादी असते. त्यातल्या दोघांना या दोन्ही घरांची माहिती होती. नाव वाचलं जात असताना ते चहा घेत होते, असं त्यांनीच नंतर कबूल केलं.

काकूंच्या हातात काय होतं? सकाळी लवकर गेल्या असत्या तर त्यांच्या क्रमांकावर त्यांचीच सही झाली असती, आणि चुकीची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईंना 312 वर रेघ दिसल्यावर अधिकाऱ्यांनी 687 शोधून दिलं असतं. दोघींची मतं मोजली गेली असती. म्हणून आपल्या नावाचं कुणी जवळपास राहत असेल तर पहिल्या दोन तासांत मतदान करावं. बाकी मतदारांना सहापर्यंत वेळ असतोच. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि शेवटच्या माणसापर्यंत मतदान होतं.

आणि प्रत्येकाने करण्यासारखं हे: आपलं नाव वाचलं जाताना कान देऊन ऐकावं. अनुक्रमांक आपल्या पर्चीवरचाच आहे ना, आणि अधिकाऱ्याने बोट ठेवलेल्या चौकटीत नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आपलंच आहे ना, हे दुसऱ्या टेबलाकडे सरकण्याआधी पाहावं. शंका आली तर शाई लागण्याआधी बोलावं. 17-ए मध्ये सही होऊन बटण दाबलं गेलं की चूक दुरुस्त करायला पीठासीन अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

त्यानंतर

जानेवारी 2024 मध्ये दोन्ही घरांनी नोंदीतल्या दुरुस्तीचा नमुना 8 भरून नवा फोटो दिला आणि मोबाइल क्रमांक जोडला. नावात बदल काही केला नाही; ते बरोबरच होतं. 13 मे 2024 ला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा दोघींची नावं त्याच यादीत होती, आकडे मात्र बदललेले. यादीची नवी आवृत्ती निघाली की नावं वाढतात, गळतात आणि अनुक्रमांक सरकतात. जुन्या पर्चीवरचा आकडा पाठ करून जाणाऱ्यांना हे माहीत नसतं. 4 नोव्हेंबर 2025 पासून मध्य प्रदेशात यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघरी जाऊन यादीची नव्याने तपासणी, सुरू झालं, त्यामुळे पुढच्या मतदानाआधी आकडा तर पाहायचाच, पण नाव यादीत आहे की नाही हेही पाहायचं. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालता येत नाही, आणि अर्जाची छाननी होऊन नाव चढायला दिवस लागतात. म्हणून तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता नमुना 6 (नवं नाव घालण्यासाठी) किंवा 8 त्याआधीच भरून टाकावा.